पोच मिळाली, पुढचं पाठव

कमोडोर ६४ या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकावर दूरच्या यंत्राशी बोलणारा टर्मिनल प्रोग्राम चालू करून, फोनवरून पलीकडच्या बोर्डाला, म्हणजे संगणकीय सूचनाफलकाला, जोडून घेऊन एखादी फाइल मागितली, की ती उतरायला लागण्याआधी पडद्यावर एक प्रश्न येतो: पंटर की एक्समोडेम? ही फाइल पाठवायच्या दोन पद्धतींची नावं. जुन्या यंत्रांची हौस असलेली मंडळी आजही सीसीजीएमएससारखे प्रोग्राम चालवतात. फोनच्या तारेऐवजी छोटा वायफाय मोडेम लावतात, पण प्रश्न तोच असतो. चुकीचं उत्तर दिलं तर दोन्ही यंत्रं एकमेकांची वाट बघत बसतात आणि काहीच घडत नाही. मुंबईकराला ‘पंटर’ शब्दाने भलतंच काही आठवेल, पण हा पंटर एका माणसाचं आडनाव आहे. त्याच्याकडे येऊच, सुरुवात फोनपासून करायला हवी.

अमेरिकेत एटी अँड टी या फोन कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘बेल १०३’ हा मोडेम आणला. सेकंदाला ३०० बिट, दोन्ही दिशांनी एकाच वेळी. युक्ती साधी होती. शून्य आणि एक यांना वेगवेगळे सूर द्यायचे. फोन लावणाऱ्याचे सूर १०७० आणि १२७० हर्ट्झ, उचलणाऱ्याचे २०२५ आणि २२२५, म्हणजे दोघं एकदम ‘बोलले’ तरी आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. अडचण तंत्राची नव्हती, मालकीची होती. फोनच्या तारेला कंपनीचं नसलेलं उपकरण जोडायला बंदी होती. १९६८ च्या ‘कार्टरफोन’ निकालाने ती भिंत फोडली, तरी पुढची काही वर्षं रिसीव्हर रबरी खोबणीत दाबून बसवायचा आणि स्पीकर-मायक्रोफोनमार्फत शिट्ट्या ऐकवायच्या, हाच घरगुती उपाय राहिला.

शिट्ट्यांनी अक्षरं जातात, पण फोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली. बोलताना खर्र झालं तर आपण ‘काय म्हणालास?’ विचारतो. टाइप केलेल्या निरोपात एखादं अक्षर बिघडलं तरी अर्थ लागतो. प्रोग्रामची फाइल मात्र तशी नसते. हजारो बाइटांतला एक बदलला, तर ते यंत्र कुठल्या खड्ड्यात जाऊन पडेल याचा नेम नाही. म्हणून ‘काय म्हणालास?’ विचारण्याचं काम कुणीतरी यंत्राला शिकवायला हवं होतं.

ते शिकवलं शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सनने, १९७७ साली. नोकरी आयबीएममध्ये, हौस घरच्या ८०८० प्रोसेसरच्या यंत्राची. त्यावर चालायची सीपी/एम ही यंत्रणा. आपल्या फ्लॉपीवरच्या फायली फोनवरून मित्राच्या यंत्रावर जाव्यात एवढ्याचसाठी त्याने ‘मोडेम’ नावाचा प्रोग्राम लिहिला आणि सीपी/एम वापरणाऱ्यांच्या मंडळाच्या संग्रहात फुकट टाकून दिला. त्यातून दूरच्या यंत्रावर चालवायची सुधारित आवृत्ती कीथ पीटरसनने केली, तिचं नाव एक्समोडेम. पुढे पद्धतीलाच ते नाव चिकटलं.

ही पद्धत म्हणजे आपली ‘रजिस्टर एडी’. फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याच्या आधी सुरुवातीची खूण, मग तुकड्याचा क्रमांक, मग तोच क्रमांक २५५ मधून वजा करून पुन्हा एकदा, कारण क्रमांकच बिघडला तर? शेवटी तुकड्यातल्या १२८ बाइटांची बेरीज करून, तिला २५६ ने भागून उरलेली बाकी, एक बाइट, पडताळ्यासाठी. एकूण १३२ बाइट. घेणारा तीच बेरीज स्वतः करतो. जुळली तर एका बाइटाची पोच पाठवतो, नाही तर एका बाइटाचा नकार, आणि पाठवणारा तोच तुकडा परत देतो. पोच येईपर्यंत पुढचा तुकडा हलत नाही. सुरुवातही घेणाराच करतो: दर दहा सेकंदांनी तो नकार पाठवत राहतो, म्हणजे ‘अजून काही मिळालं नाही, पाठव’.

१२८ हा आकडा कुठून आला? सीपी/एम फ्लॉपीवर एका वेळी १२८ बाइटांची नोंद वाचत-लिहीत असे. क्रिस्टेन्सनच्या हाताशी होतं ते माप त्याने उचललं. फाइलची नेमकी लांबी सीपी/एमला ठाऊकच नसे, नोंदी किती एवढंच माहीत. म्हणून एक्समोडेममध्येही लांबी जात नाही आणि फाइलचं नावसुद्धा जात नाही. ते दोन्हीकडच्या माणसांनी टाइप करायचं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मजेदार वाटतं ते हेच. घाईत, स्वतःपुरत्या केलेल्या कामाच्या खुणा पुढे लाखो लोकांनी नियम म्हणून पाळल्या.

जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत मोठं हिमवादळ झालं. घरात अडकलेल्या क्रिस्टेन्सनने आणि त्याच्या क्लबातल्या रँडी सूसने कॉर्कच्या सूचनाफलकाची नक्कल यंत्रावर करायचं ठरवलं. सूसने जुळणी केली, क्रिस्टेन्सनने प्रोग्राम लिहिला आणि १६ फेब्रुवारी १९७८ ला सीबीबीएस हा पहिला संगणकीय सूचनाफलक लोकांसाठी उघडला. एका वेळी एकच माणूस फोन लावू शकायचा. दुसऱ्याला एंगेज टोन. अशा फलकांवर, पुढे नुसत्या ‘बोर्डां’वर, निरोपांच्या बरोबरीने फायलीही येऊ लागल्या आणि एक्समोडेम घरोघरी गेला. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी स्थानिक कॉलला वेगळे पैसे पडत नसत, ही त्यातली मोठी सोय. जिथे मिनिटाला मीटर पळतो तिथे अशी चंगळ जमत नाही.

कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ मध्ये. त्याच वर्षी कमोडोरने ‘विकमोडेम’ काढला, साधारण १०० डॉलरचा. त्या काळी मोडेम त्याच्या काही पटीने महाग असायचे, म्हणून हा तडाखेबंद खपला. स्वस्ताईचं कारण वापरताना कळायचं. नंबर हाताने फिरवायचा, पलीकडची शिट्टी ऐकू आली की रिसीव्हरची गुंडाळीची वायर रिसीव्हरमधून काढून चटकन मोडेममध्ये खुपसायची. वेग तोच, ‘बेल १०३’चा: सेकंदाला ३०० बिट. एका बाइटाला सुरुवात-शेवटाच्या खुणा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३० बाइट. कमोडोरच्या फ्लॉपीवरचा १०० ब्लॉकचा प्रोग्राम, सुमारे २५ हजार बाइट, उतरायला १४ मिनिटं. फ्लॉपीची एक बाजू भरायची तर दीड तासाहून जास्त. तेवढ्यात घरातल्या कुणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की खेळ खलास. ‘कॉल वेटिंग’ची टिकटिकही पुरायची.

यंत्राच्या पोटात आणखी अडचणी होत्या. कमोडोर ६४ मध्ये बिट एकेक करून पाठवणारी वेगळी चिप नव्हती. ते काम मुख्य प्रोसेसर घड्याळाकडे बघत स्वतःच करायचा. त्यातून मोडेम आणि फ्लॉपी ड्राइव्ह एकाच वेळी चालवता येत नसत. ड्राइव्हशी बोलताना मोडेमकडे दुर्लक्ष करावं लागे आणि तेवढ्यात आलेली अक्षरं हरवत. अशा यंत्राला एक्समोडेमचा संथपणा वरदान ठरला. तुकडा घ्यायचा, पडताळायचा, लागलं तर ड्राइव्हवर उतरवायचा, आणि सवड झाली की मग पोच द्यायची. पोच दिली नाही तोवर पलीकडचा गप्प. पुढे ज्या थांबण्याला लोकांनी नावं ठेवली, त्या थांबण्यातच हे यंत्र श्वास घेत होतं.

तरीही एक्समोडेम इथे परका वाटायचा. कमोडोरची अक्षरमाला वेगळी, पेटस्की नावाची. तिच्यात लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं इतरांपेक्षा वेगळ्या जागी बसतात, म्हणून इतर यंत्रांच्या बोर्डांवर जाताना भाषांतराचा तक्ता चालू ठेवायचा. फाइल उतरवताना मात्र भाषांतर झालं तर फाइलचा चुराडा. शिवाय कमोडोरच्या फायलींची लांबी नेमकी असते आणि प्रत्येकीला जात असते: ही प्रोग्रामची, ही क्रमवार मजकुराची. एक्समोडेम जात सांगत नाही आणि शेवटचा तुकडा १२८ भरेपर्यंत भर घालतो. साध्या प्रोग्रामला त्या शेपटाचा त्रास नसायचा, पण जिथे लांबी नेमकी लागते तिथे शेपूट नडायचं.

इथे येतो स्टीव्ह पंटर. टोरोंटोजवळच्या मिसिसागाचा. कमोडोरच्या पेट या जुन्या यंत्रासाठी ‘वर्डप्रो’ हा लेखनाचा प्रोग्राम त्याचाच. त्याने कमोडोरसाठी बोर्डाचा प्रोग्राम लिहिला आणि सोबत फाइल पाठवायची आपली पद्धतही बनवली. तिची पुढची, सी१ नावाची आवृत्ती सर्वत्र गेली. एक्समोडेम एका बाइटावर होकार-नकार देतो, आणि लाइनवरच्या एका खरखरीने त्या बाइटाचं सोंग घेतलं तर घोटाळा. पंटरने तीन-तीन इंग्रजी अक्षरांचे शब्द ठेवले: GOO, म्हणजे गुडचं लघुरूप, BAD, ACK वगैरे. घेणारा म्हणतो ‘ठीक’, पाठवणारा म्हणतो ‘समजलं’, घेणारा म्हणतो ‘तुकडा पाठव’, मग तुकडा येतो. जरा जास्तच सौजन्य, पण गैरसमजाला जागा कमी. तुकडा २५५ बाइटांपर्यंत, पडताळे दोन वेगवेगळ्या रीतींचे, आणि प्रत्येक तुकड्यात पुढचा तुकडा केवढा असेल ते आधीच सांगितलेलं. फाइलची जातही सुरुवातीला कळवली जाते. कमोडोरवाल्यांना हवं ते सगळं त्यात होतं आणि इतरांना नको ते सगळंही. म्हणून कमोडोरच्या बोर्डांबाहेर पंटर फारसा गेला नाही आणि कमोडोरच्या प्रोग्रामांना दोन्ही पद्धती बाळगाव्या लागल्या. पडद्यावरचा तो प्रश्न इथून आला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली कहाणी उलट टोकाची. विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रांवर विद्यार्थ्यांना जागा तोकडी मिळायची, तेव्हा त्यांच्या फायली छोट्या यंत्रांच्या फ्लॉपीवर न्याव्यात म्हणून फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी १९८१ मध्ये ‘कर्मिट’ बनवला. नाव मपेट्समधल्या बेडकाचं. मोठी यंत्रं फार नखरेल होती. आठवा बिट गिळायची, नियंत्रणाची चिन्हं स्वतःसाठी आलेले हुकूम समजायची. म्हणून कर्मिट असं प्रत्येक चिन्ह छापता येणाऱ्या दोन चिन्हांत बदलून पाठवतो. वेग गेला, पण कुठलंही यंत्र कुठल्याही यंत्राशी बोलू शकलं. कमोडोर ६४ साठीही कर्मिट निघाला.

एक्समोडेमचा अंत त्याच्या पोचेनेच केला. ३०० च्या वेगाला १३२ बाइट जायला साडेचार सेकंद लागतात, त्यात पोचेची वाट कुणाला जाणवणार? मोडेमचा वेग ९६०० झाला तेव्हा तोच तुकडा सेकंदाच्या सातव्या भागात जाऊ लागला, आणि मध्ये उपग्रह किंवा टेलिनेट या कंपनीसारखं संगणकांना जोडणारं जाळं असेल तर पोच यायला त्याच्या काही पट वेळ. पडताळाही कच्चा होता: दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच. तेवढ्यासाठी सीआरसी नावाचा पक्का पडताळा जोडला गेला, तुकडा १०२४ बाइटांचा झाला. पोर्टलंडच्या चक फोर्सबर्गने वायमोडेममध्ये फाइलचं नाव आणि लांबीही पाठवली. मग टेलिनेटच्या पैशांवर १९८६ मध्ये त्याने झेडमोडेम लिहिला. हा पोचेसाठी थांबतच नाही. ओतत राहतो, घेणाऱ्याला काही बिघडलेलं दिसलं तर तो ‘अमुक बाइटापासून परत’ म्हणतो. फोन तुटला तरी पुन्हा लावून तिथूनच पुढे. एकच बोच होती: घेणाऱ्या यंत्राने एकाच वेळी ऐकलं आणि लिहिलं पाहिजे, म्हणजे कमोडोरला नेमकं जे जड जायचं तेच.

मराठी घरांत डायल-अप आलं ते पीसीवर आणि उशिरा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सुरू केली. तिचं स्वस्त शेल खातं घेणाऱ्यांना चित्रं दिसत नसत, नुसती अक्षरं. फाइल आधी निगमच्या युनिक्स यंत्रावर आणायची, मग ‘एसझेड’ हुकूम देऊन झेडमोडेमने घरच्या पीसीवर उतरवायची. आकडे आणि चांदण्यांची एक विचित्र ओळ पडद्यावर उमटली की समजायचं, पलीकडून हाक आली. कॉलला मीटर होता आणि लाइन भरवशाची नव्हती. तुटलेल्या जागेपासून पुढे नेण्याची फोर्सबर्गची सोय पुण्या-मुंबईत किती कामाला आली असेल, हे त्या रात्री जागलेल्यांना सांगायला नको.

आजच्या वायफाय मोडेममधून कमोडोरवर फाइल येते तेव्हा इंटरनेटने ती आधीच तपासलेली असते, हरवलेलं परत मागवलेलं असतं. कमोडोरला त्याचा पत्ता नाही. तो १२८ बाइट मोजतो, बेरीज करतो, एक बाइटाची पोच देतो, आणि शेवटचा तुकडा अपुरा असेल तर उरलेल्या जागी सीपी/एमची फाइल-संपली खूण, २६ हा आकडा, तुकडा भरेपर्यंत पुन्हा पुन्हा स्वीकारत राहतो.