'एल दिआ'चे संपादक, उरुग्वेचे राष्ट्राध्यक्ष

पहिल्या फुटबॉल विश्वचषकाला शंभर वर्षे होत आहेत म्हणून २०३०च्या स्पर्धेतला एक सामना मॉन्टेव्हिडिओच्या सेंतेनारिओ स्टेडियमवर ठेवला आहे. हे स्टेडियम ज्या उद्यानात उभे आहे त्याचे नाव पार्के बात्ये. फुटबॉलच्या निमित्ताने हे नाव पुन्हा कानावर पडेल, तेव्हा या माणसाची ओळख आधीच करून घेतलेली बरी. होसे बात्ये इ ओर्दोन्येस दोनदा उरुग्वेचे राष्ट्राध्यक्ष झाले, १९०३ ते १९०७ आणि १९११ ते १९१५. संपादक मात्र ते त्याच्या कितीतरी आधीपासून होते आणि मरेपर्यंत राहिले. माझ्या मते त्यांची खरी गादी वर्तमानपत्राच्या कचेरीतच होती.

जन्म २१ मे १८५६चा, मॉन्टेव्हिडिओचा. घराणे राजकारणातले. वडील लोरेन्सो बात्ये १८६८ ते १८७२ या काळात राष्ट्राध्यक्ष होते. त्यानंतरच्या वर्षांत सत्ता हळूहळू लष्कराकडे गेली. तरुण होसे यांनी कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडला, १८८०च्या सुमारास पॅरिस गाठले, तिथे तत्त्वज्ञानाची व्याख्याने ऐकली आणि परत येऊन हुकूमशहा माक्सिमो सांतोस यांच्याविरुद्ध लिहायला सुरुवात केली. नुसत्या लेखणीवर भागले नाही. मार्च १८८६मध्ये केब्राचो इथे सशस्त्र उठाव झाला, त्यात ते बंदूक घेऊन उतरले आणि पकडले गेले. सरकारी फौजेचे सेनापती माक्सिमो ताखेस यांनी कैद्यांना मारले नाही, म्हणून वाचले. त्याच वर्षी १६ जूनला त्यांनी 'एल दिआ' हे वर्तमानपत्र काढले.

सुरुवातीचा डाव फार टिकला नाही. १८८९मध्ये अंक पुन्हा निघू लागला तेव्हा किंमत ठेवली अवघी दोन सेंतेसिमो. तोवर वर्तमानपत्र म्हणजे वार्षिक वर्गणी भरणाऱ्या घरंदाज मंडळींची चीज. 'एल दिआ' मात्र पोरे रस्त्यावर ओरडून विकू लागली, सुटा अंक, ज्याच्या खिशात एक नाणे आहे त्याला. बात्ये यांचे पुढचे मतदार याच गिऱ्हाइकांतून तयार झाले.

उरुग्वेचे राजकारण तेव्हा दोन पक्षांत वाटलेले होते. बात्ये यांचा कोलोरादो, म्हणजे लाल, पक्ष शहरात जोरावर होता. ब्लांको, म्हणजे पांढरा, पक्ष ग्रामीण जमीनदारांचा. हे भांडण मतपेटीपुरते राहत नसे. १९०३मध्ये संसदेने बात्ये यांना राष्ट्राध्यक्ष निवडले आणि वर्षभरातच ब्लांकोंचे नेते आपारिसिओ साराविया यांनी बंड पुकारले. १ सप्टेंबर १९०४ रोजी मासोयेरच्या लढाईत साराविया जखमी झाले, सरहद्द ओलांडून ब्राझीलमध्ये नेले गेले आणि काही दिवसांतच वारले. बंड मोडले, आणि देशभर एकच सरकार चालू लागले.

मग सुधारणा सुरू झाल्या. दहा लाखांच्या आसपास वस्तीच्या देशाने जे केले ते पाहिले की चकित व्हायला होते. १९०६मध्ये सरकारी इस्पितळांतले क्रूस काढले गेले. १९०७मध्ये फाशी रद्द झाली, घटस्फोटाचा कायदा आला. १९१३मध्ये त्यात भर पडली: बायकोने नुसते 'मला नको' म्हटले तरी घटस्फोट मिळेल, कारण सांगायची गरज नाही. विमा आणि वीज सरकारकडे आली. आठ तासांच्या कामाचे विधेयक बात्ये यांनी १९०६मध्ये मांडले, ते पडून राहिले. १९११मध्ये पुन्हा मांडले. मंजूर झाले नोव्हेंबर १९१५मध्ये, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी फेलिसिआनो व्हिएरा होते.

यातले पुष्कळसे आधी 'एल दिआ'त गाजले आणि मग संसदेत आले. दोमिंगो आरेना हे इटलीत जन्मलेले पत्रकार त्यांचे उजवे हात. ते अंकातही लिहीत आणि सभागृहातही भांडत. देशाचे राष्ट्राध्यक्षपद सांभाळत असतानाच बात्ये यांनी 'लॉरा' या बाईच्या नावाने स्त्रियांच्या हक्कांवर लेख लिहिले. स्त्रियांना मताचा हक्क मिळायला १९३२ उजाडले. देवाधर्माबाबत तर ते हट्टीच होते. स्पॅनिशमध्ये देव हा शब्द मोठ्या आद्याक्षराने लिहिण्याची रीत; 'एल दिआ'त तो लहान अक्षराने छापला जाई. १९१९मध्ये सरकारी कॅलेंडरातही नावे बदलली. २५ डिसेंबर झाला 'कुटुंब दिन' आणि पवित्र सप्ताह झाला 'पर्यटन सप्ताह'. ही नावे आजही चालू आहेत.

४ मार्च १९१३ रोजी 'एल दिआ'त एक टिपण आले आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षात भूकंप झाला. एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती एवढी सत्ता असणे घातक, म्हणून ते पदच काढून नऊ जणांचे मंडळ नेमावे, असा प्रस्ताव होता. मांडणारा खुद्द राष्ट्राध्यक्ष! विरोधकांना वाटले, हा म्हातारा कायमचा मंडळात बसायची सोय करतो आहे. शंका अगदीच निराधार नव्हती. पुढे ते खरेच दोनदा मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांचे जुने मंत्री पेद्रो मानिनी रिओस फुटून निघाले आणि त्यांनीही १९१७मध्ये 'ला मान्याना' हे वर्तमानपत्र काढले. या देशात गट फुटला की छापखाना आलाच. १९१६मध्ये घटना समितीच्या निवडणुकीत बात्ये यांचा पराभव झाला. शेवटी तडजोड झाली आणि १९१९पासून राष्ट्राध्यक्षही राहिला आणि शेजारी नऊ जणांचे मंडळही.

या लेखणीची किंमत एकाने जिवाने मोजली. १९१८मध्ये ब्लांकोंच्या तरुण मंडळींनी 'एल पाईस' काढले. त्यातले एक वॉशिंग्टन बेल्त्रान. निवडणुकीतल्या लबाडीचे आरोप-प्रत्यारोप दोन्ही अंकांतून चालले होते. 'काय हा निर्लज्जपणा!' अशा अर्थाच्या मथळ्याचा बेल्त्रान यांचा लेख आला आणि बात्ये यांनी द्वंद्वाचे आव्हान पाठवले. २ एप्रिल १९२० रोजी नासिओनाल क्लबच्या पार्के सेंत्राल मैदानावर दोघे पिस्तूल घेऊन समोरासमोर आले. एक ६३ वर्षांचा, दुसरा ३५ वर्षांचा. बेल्त्रान गोळी लागून मेले. मजुराचे तास कमी करणारा, फाशी रद्द करणारा हा माणूस शब्दाचा बदला गोळीने घेतो, हे पचवणे मला तरी जड जाते. गुन्हा शाबीत होऊन शिक्षा होणे दूरच. त्याच वर्षी द्वंद्वाला कायद्याने मुभा मिळाली. ती १९९२पर्यंत राहिली.

२० ऑक्टोबर १९२९ रोजी मॉन्टेव्हिडिओच्या इटालियन इस्पितळात बात्ये वारले. पुतणे लुईस बात्ये बेरेस १९४७मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांचे चिरंजीव होर्खे २००० साली. 'एल दिआ' १९९०च्या दशकात बंद पडले. 'एल पाईस' अजून निघते.

आणि ते नऊ जणांचे मंडळ? १९३३मध्ये राष्ट्राध्यक्षांनीच सर्व सत्ता बळकावली तेव्हा मोडलेली ती कल्पना १९५२मध्ये परत आली, या वेळी पूर्ण रूपात, राष्ट्राध्यक्षाशिवाय. १९६५मध्ये मंडळाच्या अध्यक्षपदी बसले वॉशिंग्टन बेल्त्रान. पार्के सेंत्रालवर वडील गेले तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी लोकांनी कौल देऊन मंडळ रद्द केले आणि १९६७पासून उरुग्वेला पुन्हा एकच राष्ट्राध्यक्ष मिळाला.