चेकनाका ओलांडला की बदलणारं मृत्युपत्र

ठाण्यात वाटणीचा वाद पेटला की कुणीतरी हमखास विचारतं, "प्रोबेट कुठंय? मग कसलं मृत्युपत्र?" प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर. मुंबईच्या हद्दीतल्या मुलुंडमध्ये हा सवाल बिनतोड होता. चेकनाका ओलांडून ठाण्यात आलं की त्यातली हवा निघून जायची.

हिंदू एकत्र कुटुंबात मृत्युपत्राला मुळात जागाच नव्हती. व्यापाराच्या शहरांत स्वकष्टार्जित संपत्ती उभी राहिली आणि ती लिहून ठेवायची चाल पडली. मग १ सप्टेंबर १८७० पासून हिंदू विल्स कायद्याने बंगाल आणि मुंबई-मद्रास हायकोर्टांच्या मूळ दिवाणी हद्दीत (म्हणजे त्या दोन शहरांत) लेखी मजकूर, सही, दोन साक्षीदार आणि प्रोबेट सक्तीचं केलं. ठाणे त्या हद्दीबाहेर. इथल्या हिंदूचं तोंडी मृत्युपत्रसुद्धा पार १९२६ संपेपर्यंत चालायचं! १ जानेवारी १९२७ पासून कागद आणि साक्षीदार आले, प्रोबेट आलं नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ ने प्रोबेटच्या सक्तीची ही जुनी रेघ कायम ठेवली. मात्र ठाणेकराच्या मृत्युपत्रात मुंबईतला फ्लॅट असला तर सुटका नसे. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना तर हद्दीचा फायदाच नव्हता, त्यांना प्रोबेट ठाण्यातही सक्तीचं. त्यांची सक्ती २००२ च्या दुरुस्तीने गेली.

रेघेमुळे भांडणाची जागा बदलली. मुंबईत प्रोबेटच्या अर्जावर वारसांना नोटीस जायची, कुणी कॅव्हेट (हरकत) टाकलं की दाव्यासारखी सुनावणी व्हायची. वर्षं जायची, पण शंका आधी तपासली जायची. ठाण्यात तोच कागद थेट सोसायटीच्या ऑफिसात नाहीतर तलाठ्याकडे फेरफाराला. बहिणीला कळेपर्यंत नाव चढलेलं, मग दिवाणी कोर्टात दावा. पुराव्याचा भार मात्र दोन्हीकडे सारखाच. १९५८ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, शंकास्पद गोष्टींचा खुलासा मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच करायचा. ज्याला घबाड मिळतंय त्यानेच कागद करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती शंका मोठीच. नोंदणी केली म्हणजे मृत्युपत्र अभेद्य झालं, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज.

एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा. त्याच्या बाबतीत ठाणेकरांचं जास्त नुकसान झालं, असं मला वाटतं. त्याच कायद्याच्या कलम ३१७ प्रमाणे त्याने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा, पण हे प्रोबेट मिळाल्यानंतर. प्रोबेटच नाही तर ही तारीखही नाही. काका चाव्या घेऊन बसले तर हिशेबासाठी पुतण्यांनीच कोर्टाची पायरी चढायची.

नवी मुंबईत गुंता वेगळा. १९७० मध्ये शहर वसवायला सरकारी कंपनी सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी ठरल्या. जमिनी गेलेल्या गावकऱ्यांचं १९८४ चं आंदोलन झालं आणि पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. सातबारा आजोबांच्या नावचा, भूखंड हाती पडेपर्यंत तिसरी पिढी. ट्रंकेतल्या जुन्या कागदाला अचानक सोन्याचा भाव. तिथे पहिला हल्ला सहीवर नसतो. वडिलोपार्जित जमिनीत माणूस फक्त स्वतःचा हिस्सा लिहून देऊ शकतो आणि १९९४ ची राज्याची, मग २००५ ची केंद्राची दुरुस्ती आल्यावर मुलीही त्या हिश्शांत बसल्या.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ च वगळलं. प्रोबेट हवं असेल तर अजूनही मागता येतं, सक्ती गेली. आता मृत्युपत्रावर शंका असलेल्या मुलुंडच्या बहिणीलाही ठाणेकर बहिणीसारखंच आधी सोसायटीचं रजिस्टर बघायला धावावं लागेल.