नवी मुंबईच्या टायफॉइड लशीमागची साखर

जुलै २०१८मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म, म्हणजे दोन पदार्थ जोडून बनवलेली, लस टोचायला सुरुवात केली. सरकारी यंत्रणेने मोहीम काढून ही लस देण्याची जगातली ती पहिलीच वेळ. पहिल्या टप्प्यात निम्म्या नागरी आरोग्य केंद्रांच्या हद्दीत सुमारे १ लाख १३ हजार मुलांना डोस मिळाले. त्या कुपीत टायफॉइडचा जंतू नव्हता, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. होती ती फक्त त्याच्या अंगावरची साखर, धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला, म्हणजे एका प्रथिनाला, जोडलेली.

साखर म्हणजे इथे शर्करेच्या रेणूंची लांब साखळी. टायफॉइड किंवा ई. कोलायसारख्या आतड्यातल्या जंतूंच्या बाहेरच्या पडद्यावर अशा साखळ्या दाटीवाटीने असतात. त्यांना ओ-प्रतिजन म्हणतात; प्रतिजन म्हणजे जिच्यावरून आपली प्रतिकारशक्ती जंतू ओळखते ती खूण. काहींवर त्याच्याही वर कॅप्सूल नावाचा, बहुधा साखरेचाच, थर असतो. जंतू एकाच जातीचे, पण वाण बदलला की साखळीही बदलते. एकट्या ई. कोलायमध्ये ओ-प्रतिजनाचे १८०च्या आसपास प्रकार नोंदले गेले आहेत. गंमत म्हणजे प्रयोगशाळांचा लाडका के-१२ हा वाण ओ-साखळी गमावूनच बसला आहे.

या साखरेशी आपली गाठ पडते ती टायफॉइडच्या विडाल चाचणीत. ठाण्यात-कळव्यात चार दिवस ताप उतरला नाही की चिठ्ठीवर अजूनही विडाल लिहिलं जातं. फर्नांद विडाल यांनी ती १८९६मध्ये मांडली. रुग्णाच्या रक्तद्रवाने जंतूंच्या गुठळ्या होतात का, एवढंच ती पाहते. रिपोर्टात ‘ओ’समोर जो आकडा असतो, तो या साखळीविरुद्धच्या प्रतिपिंडांचा. पण साखळीचे तेच तुकडे टायफॉइडच्या जंतूच्या गटातल्या इतर साल्मोनेलांवरही सापडतात. त्यामुळे एकाच विडालवर भरवसा ठेवून औषधं सुरू करणं मला पटत नाही. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवलेलं बरं.

ओळख पटवणारा पदार्थ साखर असू शकतो, हे १९२३मध्ये न्यूयॉर्कला हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी न्यूमोनियाच्या जंतूवर दाखवलं. तोवर असं काम प्रथिनंच करतात असा समज होता. पुढे कोपनहेगनला काउफमान यांनी साल्मोनेला आणि ई. कोलायचे वाण याच खुणांवरून लावून ठेवले.

टायफॉइडच्या बाबतीत मात्र एक कोडं होतं. रुग्णाच्या रक्तातून नुकताच वाढवलेला जंतू काचपट्टीवर ओ-सीरमच्या (ओ-साखळीविरुद्धची प्रतिपिंडं असलेल्या रक्तद्रवाच्या) थेंबात मिसळला, पट्टी कितीही हलवली, तरी थेंब दुधासारखा एकजीवच राहायचा. तेच जंतू आधी उकळून, गार करून मग सीरममध्ये मिसळले की लगेच रवाळ गुठळ्या. १९३४मध्ये फेलिक्स आणि पिट यांनी उलगडा केला: ओ-साखळीवर आणखी एक साखर पांघरलेली असते आणि उष्णतेने ती सुटते. तीच व्हीआय साखर, नवी मुंबईच्या लशीतली. काही सिट्रोबॅक्टर जंतूंवरही ती असते, आणि टायफॉइडचे काही वाण मात्र तिच्याविना सापडलेत.

साखळ्या इतक्या का बदलतात? एक कारण आपली प्रतिकारशक्ती. दुसरं कारण म्हणजे फाज, जंतूंना गाठणारे विषाणू. त्यातले बरेच याच साखळ्या धरून जंतूला चिकटतात. १९९२मध्ये चेन्नईत आणि नंतर बंगालमध्ये ओ-१३९ हा नवा कॉलरा आला. जंतू जवळपास जुनाच होता, फक्त ओ-साखळी नवी. जुन्या कॉलऱ्याने कमावलेली प्रतिकारशक्ती तिथे उपयोगी पडली नाही आणि प्रौढ माणसंही आजारी पडली. आतड्यातला कायमचा रहिवासी बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस तर किमान आठ प्रकारच्या कॅप्सूल बाळगतो. डीएनएचा छोटा तुकडा उलटसुलट करून तो एक बंद करतो, दुसरी चालू करतो.

नुसत्या साखरेची लस दोन वर्षांखालच्या बाळांमध्ये नीट चालत नाही. तिला प्रथिनाची जोड द्यायची युक्ती एव्हरी आणि गोबेल यांनी १९२९मध्येच दाखवली होती, पण टायफॉइडसाठी ती हैदराबादच्या भारत बायोटेकच्या लशीतून नवी मुंबईत पोहोचायला जवळपास नव्वद वर्षं गेली. पॅराटायफॉइड ए या भावंडावर व्हीआय साखर नाहीच, त्यामुळे ही लस त्याच्यावर चालत नाही. त्यासाठी त्याच्या ओ-साखळीवर बेतलेली जोडलस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली असून तिच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.