सीआयएफ की सीआयपी? भूवेष्टित देशात खारवलेल्या भाज्या पाठवण्याआधी

व्हिनेगरमधल्या काकडीच्या कंटेनरसाठी ‘सीआयएफ कंपाला’ असं कोटेशन गेलं, तर सौद्यात पहिल्याच ओळीला भोक पडलं म्हणून समजा. कंपाला ही युगांडाची राजधानी. युगांडाला समुद्र नाही आणि सीआयएफ (कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट) ही आंतरराष्ट्रीय व्यापारातली अट फक्त जलमार्गासाठी आहे. तिच्यापुढे पोहोचण्याच्या बंदराचंच नाव यायला हवं. तरीही अशी कोटेशनं निघतात, कारण ‘किंमत, विमा, भाडं’ एवढंच लक्षात राहतं. सीआयपी (कॅरेज अँड इन्शुरन्स पेड टू, म्हणजे ठरल्या ठिकाणापर्यंत भाडं आणि विमा भरलेला) या अटीमध्येही विमा आणि भाडं विक्रेताच भरतो, त्यामुळे दोन्ही अटी एकच वाटतात. समुद्रकाठच्या देशात माल पाठवताना ही गफलत बरेचदा खपून जाते. बंदरापासून खरेदीदाराचं गोदाम हजार किलोमीटरहून लांब असेल, तेव्हा मात्र खपत नाही.

आधी दोन्हींतलं साम्य बघू, कारण भांडणं तिथेच लागतात. विक्रेता भाडं भरतो एका ठिकाणापर्यंत, पण जोखीम त्याच्या कितीतरी आधीच खरेदीदाराच्या माथी जाते. सीआयएफमध्ये निघण्याच्या बंदरात माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. सीआयपीमध्ये ती त्याहूनही आधी, पहिल्या वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की. ‘भाडं कंपालापर्यंत भरलंय, म्हणजे बरण्या फुटल्या तर तुम्हीच बघा’ असं खरेदीदार म्हणू लागला तर तो दोन्ही अटींत चूक आहे. तशी हमी हवी असेल तर त्याने डीएपी (डिलिव्हर्ड अ‍ॅट प्लेस, म्हणजे ठरल्या ठिकाणी माल पोहोचेपर्यंत जोखीम विक्रेत्याची) ही अट मागावी आणि विक्रेत्यानेही त्या जोखमीचे पैसे लावावेत.

आता फरक. कंटेनर आपण थेट जहाजावर ठेवत नाही. तो टर्मिनलच्या यार्डात देतो आणि जहाज लागेपर्यंत तो तिथेच पडून राहतो. सीआयएफ लिहिलं असेल तर त्या दिवसांची जोखीम विक्रेत्याच्या गळ्यात, आणि कंटेनर मात्र त्याच्या हाताबाहेर. म्हणूनच इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स कंटेनरच्या मालासाठी सीआयपीसारख्या अटी वापरायला सांगते. हा सल्ला भूवेष्टित देशांपुरता नाही, पण तिथे तो दुप्पट लागू होतो.

माझ्या मते खरा मुद्दा विम्याचा आहे. इनकोटर्म्स २०२० (या अटींचे चेंबरने ठरवलेले नियम) नुसार दोन्हींत विमा कराराच्या किमतीच्या किमान ११० टक्के रकमेचा लागतो. पण वेगळं काही ठरलं नसेल तर सीआयएफमध्ये इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (मालाच्या विम्याची प्रमाणित कलमं) ‘सी’ पुरतो, सीआयपीमध्ये ‘ए’ लागतो. ‘सी’मध्ये मोजकेच धोके येतात: आग, स्फोट, जहाज बुडणं, ट्रक उलटणं, गाडी रुळावरून घसरणं, असे. चोरी त्यात नाही, साधी फूटही नाही.

काचेच्या बरण्यांचं काय होतं ते बघा. खराब रस्त्यावर वरच्या थरातली एक बरणी तडकते. खारं पाणी खालच्या खोक्यात झिरपतं, पुठ्ठा मऊ पडतो, थप्पी एका बाजूला कलते आणि सीमेवर दार उघडेपर्यंत तळाच्या खोक्यांचा लगदा झालेला असतो. ट्रक उलटलेला नाही, आग लागलेली नाही. ‘सी’खाली यातलं काहीच मिळत नाही. ‘ए’खाली दावा करता येतो, पण त्यालाही कुंपण आहे: अपुरं पॅकिंग, मालाचा अंगभूत दोष, नेहमीची गळती आणि उशिरामुळे झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं असतं. आंबवलेल्या भाज्यांत किण्वन पुरतं थांबलं नसेल तर वायू साठून झाकणं फुगतात. तो अंगभूत दोष ठरतो आणि कुठलीही पॉलिसी घेतली तरी त्याचे पैसे मिळण्याची आशा धरू नये. मंगोलियासारख्या देशात हिवाळ्यात माल जाणार असेल तर बरण्या गोठून फुटण्याचा धोका विमा कंपनीशी आधीच लेखी बोलून घ्यावा.

शिवाय विमा कुठपर्यंत? सीआयएफचा विमा पोहोचण्याच्या बंदरापर्यंत असला की विक्रेत्याचं कर्तव्य संपलं. पॉलिसीवर केनियातलं मोंबासा बंदर लिहिलंय आणि माल कंपालाला चाललाय, तर पुढचा सगळा रस्ता उघडा. सीआयपीमध्ये नाव कंपालाचं असल्यामुळे निदान तिथपर्यंत छत्र मिळतं. त्यातही एक मुदत आहे: शेवटच्या बंदरात माल जहाजातून उतरल्यावर साधारणपणे ६० दिवसांनी हे संरक्षण संपतं. पारगमनाची, म्हणजे मधल्या देशातून माल पुढे नेण्याची, कागदपत्रं अडकून कंटेनर बंदरात पडून राहिला, तर हे दिवस भराभर जातात.

ही कागदपत्रं कोणी करायची, यावरही गैरसमज आहे. दोन्ही अटींत निर्यातीची मंजुरी विक्रेत्याची, पण मधल्या देशातलं पारगमन आणि शेवटची आयात, दोन्ही खरेदीदाराची. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या पाचव्या कलमाने पारगमनाला मोकळीक दिली आहे, तिथे आयात शुल्क लागत नाही. पण माल ‘इन ट्रान्झिट’ आहे हे कागदांवर स्पष्ट दिसायला हवं. वर्णनही सगळीकडे एकच हवं. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात व्हिनेगरमधल्या भाज्या २००१ शीर्षाखाली जातात, तर नुसत्या मिठाच्या पाण्यात तात्पुरत्या टिकवलेल्या आणि तशाच खाता न येणाऱ्या भाज्या ०७११ खाली. एका कागदावर हे आणि दुसऱ्यावर ते असलं की सीमेवर गाडी थांबते.

लेटर ऑफ क्रेडिट (कागदपत्रं बरोबर असली की पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र) असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. सीआयपी कंपाला ठरवून पत्रात मात्र मोंबासापर्यंतचं बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने माल घेतल्याचा दस्तऐवज) मागितलं असेल, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. तिथे बहुविध वाहतुकीचा दस्तऐवज मागायला हवा, यूसीपी ६०० (लेटर ऑफ क्रेडिटचे आंतरराष्ट्रीय नियम) च्या १९ व्या कलमातला.

सीआयएफ कायम टाकाऊ आहे असं नाही. ड्रममधला माल कंटेनरशिवाय थेट जहाजावर चढत असेल आणि बंदरापासून पुढे खरेदीदाराचा स्वतःचा क्लिअरिंग एजंट, ट्रक आणि विमा असेल, तर ‘सीआयएफ मोंबासा’ चोख आहे. बाकी बहुतेक वेळा मी सीआयपीच लिहायला सांगेन, आणि तीही नुसतं शहराचं नाव टाकून नव्हे. प्रोफॉर्मावर (माल पाठवण्याआधी देतात त्या बिलावर) डेपो किंवा गोदामाचं नाव, शहर, ‘इनकोटर्म्स २०२०’ हे शब्द, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत माल पहिल्या वाहतूकदाराच्या ताब्यात कुठे दिला जाईल ते ठिकाण.