माशी, मी आणि घोडी

घोडीच्या खांद्यावर माशी बसली आणि नेमकी तेवढ्याच जागची कातडी थरथरली. माशी उडाली. त्याच घोडीच्या पाठीवर बसून मी दहा मिनिटं तिला डावीकडे वळवायचा प्रयत्न करत होते. माझं वजन माशीच्या लाखो पट, दोन्ही हातांनी लगाम ओढलेला, आणि बाईसाहेब ढिम्म.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी एका रँचवर मी वेस्टर्न पद्धतीची घोडेस्वारी शिकायला जात होते. वेस्टर्न म्हणजे गुरं वळणाऱ्यांची. काउबॉय म्हटलं की आपल्याला टोपी, पिस्तूल आणि धुरळा आठवतो, पण मुळात तो गुराखीच. त्याच्या एका हातात दोर असतो, त्यामुळे लगामाला उरतो एकच हात. ही सगळी विद्या त्या एका अडचणीतून उभी राहिली आहे.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. कुंपणाला टेकून बघता बघता म्हणाल्या, "ती दोनदा वळली होती. तू सोडलंच नाहीस."

माशीचं आधी सांगते. घोड्याच्या कातडीखाली स्नायूची एक पातळ चादर असते, क्युटेनियस ट्रंकी नावाची. माशीएवढा स्पर्शसुद्धा तिला कळतो आणि ती तेवढाच तुकडा हलवते. आपल्या पाठीवर अशी सोय नाही, म्हणून तर पाठीवर डास बसला की आपली कसरत होते. म्हणजे घोडीला माझं काही कळत नव्हतं असं नाही. तिला सगळं कळत होतं, पण मी जे करत होते त्याला काही अर्थ लागत नव्हता.

अर्थ लागतो तो ताण सुटतो त्या क्षणी. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. ‘नकारात्मक’ असाही शब्द पुस्तकांत दिसतो आणि घोटाळा होतो, कारण लोकांना ती शिक्षा वाटते. इथला ऋण गणितातला आहे, काहीतरी वजा होणं. लगाम जरासा ताणला जातो, घोडी नाक तसूभर डावीकडे आणते, ताण वजा होतो. पुन्हा ताण आला की तिला आठवतं, मागच्या वेळी नाक वळवलं तेव्हा हे थांबलं होतं. विसाव्या खेपेला ताण यायचीही गरज उरत नाही, हात उचललेला दिसला तरी पुरतं. 1898 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकने मांजरांना पेटीत कोंडून जे दाखवलं, ते हेच: ज्या हालचालीने सुटका होते ती हालचाल पक्की होते.

गोम वेळेत आहे. घोडीने नाक वळवलं आणि मी दोन सेकंदांनी सोडलं, तर त्या दोन सेकंदांत तिने मान वर झटकलेली असते. मग मी तिला मान झटकायला शिकवलं. आणि सोडलंच नाही तर ताण हा तिच्यासाठी नुसता परिसर होतो. रुळांलगतच्या चाळीत राहणाऱ्यांना लोकल ऐकू येत नाही, तसं. मग लोक म्हणतात घोडा तोंडाचा जड आहे, आणि आणखी कडक लगाम आणतात. जडपणा बहुतेक वेळा हातात असतो.

घोडा मालकाला कळपाचा नायक मानतो म्हणून ऐकतो, अशी एक लाडकी गोष्ट या क्षेत्रात सांगतात. गोल कुंपणात घोड्याला पळवायचं, तो शांत होऊन आपल्याकडे वळला की पाठ फिरवायची, आणि तो मागेमागे येतो. दृश्य खरंच भारी दिसतं. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच प्रयोग माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी घेऊन केला. घोडा दूर पळाला की गाडी त्याच्या मागे, तो थांबून गाडीकडे वळला की गाडी उभी. घोडे गाडीच्याही मागे जायला शिकले. खेळण्याला कोणी नायक मानत नाही. तिथेही काम करत होती ती सुटकाच.

आपल्याकडे घोड्याला शिकवणाऱ्याला चाबुकस्वार म्हणत. शब्दावरून सगळ्यांची पद्धत ठरवू नये. त्यातही हलक्या हाताचे असणारच. पण भाषेने लक्षात ठेवला तो चाबूक.

स्वाराने काही ‘केलं’ नाही तरी घोड्याला काय काय कळतं, याचा जुना दाखला बर्लिनचा. विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं खूर आपटून द्यायचा. 1904 मध्ये एक समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी नेटाने तपासलं. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा तो घोड्याला दिसत नसला की हान्स नापास. खूर योग्य आकड्यावर आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं, आणि हान्स तिथे थांबायचा. हान्सला गणित येत नव्हतं म्हणून सगळे निराश झाले. मला वाटतं, त्याला जे येत होतं ते जास्त अवघड होतं.

खोगिरावर हेच उलट्या बाजूने चालतं. बाईंनी मला लगाम ढिला सोडून फक्त डावीकडच्या फाटकाकडे बघायला सांगितलं. नुसते डोळे नाही, मान आणि छातीसकट. मान वळली की खांदे वळतात, खांद्यांमागून कंबर, आणि बैठकीचं वजन एका हाडावरून दुसऱ्यावर सरकतं. माशी कळणाऱ्या पाठीला हे कळणार नाही का? घोडी फाटकाकडे निघाली. मांड पक्की हवी असं आपण म्हणतो ते पडू नये म्हणून. इथे ती हवी असते घोडीला निष्कारण बडबड ऐकू जाऊ नये म्हणून.

या विद्येचं घराणं स्पॅनिश आहे. घोड्याची जात उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झाली, पण साधारण 10 हजार वर्षांपूर्वी तिथून नाहीशी झाली. 1519 मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर 16 घोडे होते. पुढे 1769 पासून कॅलिफोर्नियात स्पॅनिश मिशनं, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराची ठाणी, उभी राहिली. त्यांची गुरं राखणारे, ‘वाकेरो’, यांत बरेच जण त्याच मुलखातले मूळ रहिवासी होते. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्यांच्याकडून धंदा उचलला आणि शब्दांची मोडतोड केली. वाकेरोचा झाला बकरू, ‘ला रिआता’चा, म्हणजे फासाच्या दोराचा, लॅरिएट. आपण रिक्रूटचं रंगरूट केलं, त्यातलाच प्रकार. गंमत म्हणजे ‘हाकिमा’, म्हणजे घोड्याच्या तोंडावरचा साज, हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला. आपली रिकीबही मूळची अरबी. एकाच मुलखातून निघालेले शब्द, एक मेक्सिकोला पोचला, एक पुण्याला.

हाकिमाचं इंग्रजीत हॅकमोर झालं. त्यात तोंडात काहीच नसतं. कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून केलेला जाड फास, ‘बोसाल’, नाकाच्या हाडावर बसतो. त्याला बांधलेला दोर, ‘मेकाते’, घोड्याच्याच आयाळीच्या केसांचा वळलेला. मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा काथ्याची आठवण झाली, इतका तो टोचतो. टोचणं मुद्दाम आहे. मानेला बाजूने नुसता टेकला तरी घोड्याला जाणवतो. बोसाल मात्र हाडावरच हवा. दोन बोटं खाली घसरला तर मऊ कूर्चेवर येतो आणि श्वासाशी खेळ होतो.

तोंड मोकळं ठेवण्यामागे दातांचा हिशेब आहे. शिंगराचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांचं असताना जोडीजोडीने पडतात, आणि दाढांचंही त्याच सुमाराला चाललेलं असतं. घोड्याला शिकवायचं वयही नेमकं हेच. दात येणाऱ्या बाळाच्या तोंडात लोखंड घालून बघा म्हणजे वाकेरोंचं शहाणपण कळेल. म्हणून आधी काही वर्षं हॅकमोर. मग पातळ बोसाल आणि लगाम दोन्ही एकदम, म्हणजे जुनी भाषा चालू ठेवून नवी शिकवायची. शेवटी निव्वळ लगाम. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याला हिरडीची मोकळी जागा असते, लगामाचं लोखंड तिथे बसतं. वाकेरोंच्या शेवटच्या लगामाला वर चमच्यासारखं पातं असतं. बघून अंगावर काटा येतो, आणि रागावलेल्या हातात ते खरोखरच छळाचं हत्यार आहे. तयार घोड्यावर मात्र तो ओढायचा नसतोच. नुसत्या वाद्यांच्या वजनाने तो किंचित कलतो, आणि तेवढं पुरतं. तरी मला तो आवडत नाही. इतकी वर्षं घालवून ज्याची गरजच उरली नाही, ते तोंडात ठेवायचं कशाला, हा प्रश्न मी विचारला. बाईंनी उत्तर दिलं नाही.

जुन्या लोकांचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. घोड्याचे दोन मेंदू वेगळे चालतात, डाव्या डोळ्याने बघितलेलं उजव्या बाजूला पोचत नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी शिकवावी, असं तिथे सर्रास सांगतात. 1999 मध्ये एव्हलिन हँगी यांनी घोड्यांचा एक डोळा झाकून आकृत्या ओळखायला शिकवलं, मग दुसरा झाकला. घोड्यांनी त्या लगेच ओळखल्या. म्हणजे कारण चुकीचं. पण सवय सोडू नये, कारण घोड्याला भोवतालचं जवळपास 350 अंशांचं दिसतं, आणि जाताना डावीकडून दिसलेला ओंडका येताना उजवीकडून वेगळ्याच आकाराचा दिसतो. नव्या आकाराला घोडा बुजणारच.

दोर फेकायला मला फार येत नाही, पण दोराचं गणित मला सगळ्यात आवडलं. खोगिराच्या पुढच्या टोकाला खुंट असतो, हॉर्न. फास जनावराच्या शिंगांत बसला की हातातल्या दोराचे त्या खुंटाला झटपट वेढे द्यायचे. स्पॅनिशमध्ये ‘दार ला वुएल्ता’, वेढा दे. इंग्रजीत त्याचं झालं डॅली. कोकणात धक्क्याला लागलेल्या होडीचा दोर खांबाला दोनदा गुंडाळून एक माणूस हाताने धरून उभा असतो, तेच हे. वेढ्यांमुळे घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर एका वेढ्यात हातातला जोर साडेसहा पट होतो, दोन वेढ्यांत 43 पट. म्हणजे मी 5 किलोच्या जोराने दोर धरला तर एका वेढ्यावर 33 किलो तोलता येतात, दोनवर दोनशेच्या वर.

आणि तरीही दोर गाठ मारून पक्का करत नाहीत. धावतं जनावर एकदम थांबलं तर सगळा झटका एका क्षणात येतो, कच्च्या चामड्याची रिआता त्यात तुटते, नाहीतर जनावराची मान. वेढे असले की दोर खुंटावरून थोडा सरकू देता येतो आणि झटका पसरतो. त्यासाठी खुंटावर खेचराचं गुळगुळीत कातडं चढवलेलं असतं. टेक्ससवाले मात्र दोर बांधूनच ठेवतात, आणि या दोन गटांचं एकमेकांबद्दल फारसं बरं मत नाही. वेढे देताना अंगठा वर ठेवा, हे बाईंनी मला किमान वीस वेळा सांगितलं. दोर आणि खुंट यांच्यामध्ये अंगठा सापडला की तो जातो. या धंद्यात अशी माणसं भेटतात.

रँचवर अंतरं मोठी असतात, आणि ती कापतात लांब दुडकीने. चौखूर दौड सिनेमात. 1981 मध्ये हॉइट आणि टेलर यांनी लहान चणीच्या घोड्यांना ट्रेडमिलवर चालवून त्यांना लागणारा प्राणवायू मोजला. प्रत्येक चालीत एक वेग असा होता की तेवढ्याच अंतराला सर्वांत कमी खर्च येतो, आणि मोकळे असताना घोडे आपणहून तोच वेग धरत होते. 1991 मध्ये टेलर यांनीच क्लेअर फार्लींबरोबर दाखवलं की पायांवर येणारा मार एका मर्यादेला पोचला की घोडा दुडकी सोडून दौडीत जातो, आणि पाठीवर वजन असलं तर ती मर्यादा लवकर येते. लांब दुडकीत माझी घोडी दौडायला का बघत होती याचं कारण मला असं घरी बसून कळलं. वजन माझंच होतं.

शेवटच्या शनिवारी बाईंनी एक कालवड कळपातून वेगळी काढायला सांगितली. गुरांच्या खांद्याजवळ एक अदृश्य रेघ असते. तुम्ही रेघेच्या मागे सरकलात की जनावर पुढे जातं, पुढे गेलात की थांबतं किंवा मागे वळतं. जनावरांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी याच्या आकृत्या काढून जगभर शिकवलं. आपल्याकडचा गुराखी आकृतीशिवाय हेच करतो. मी रेघ सांभाळत होते. कालवड थबकली, डावीकडे जाते असं दाखवून उजवीकडे निसटली आणि कळपात शिरली.

"घोडीला दिसलं नाही वाटतं," मी म्हटलं.

"ती कालवडीच्या आधी उजवीकडे निघाली होती," बाई म्हणाल्या. "तू तिला धरून ठेवलंस."

हात बघितला, तर लगाम ताणलेला होता.