खान्देशच्या उन्हात बेडूक सांभाळताना

बेडूक पाळायचा म्हटलं की लोक आधी खाण्याचं विचारतात. झुरळं खातो का, रोज किती लागतात, मेलेला किडा चालेल का? खाण्याचं पुढे येईलच. पण खान्देशात बेडूक जगतो की मरतो, हे त्याच्या कातडीवर ठरतं. आणि त्या कातडीची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत असते.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या पोटाखाली, मांड्यांच्या आतल्या अंगाला, पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेल्या कातडीचा एक पट्टा असतो. ओल्या जागी हा पट्टा टेकवून तो बसतो आणि पाणी आत शोषून घेतो. श्वासाचंही बरंचसं असंच. फुप्फुसं असतात, पण शरीरातला कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात ओल्या कातडीतूनच बाहेर पडतो. जी कातडी इतक्या सहज पाणी आत घेते, ती तितक्याच सहज ते गमावतेही. उन्हाळ्यात माठ जसा झिरपत राहतो, तसं बेडकाचं अंग सतत झिरपत असतं. भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा उघड्यावरच्या बेडकाला वाचायला फार वेळ मिळत नाही.

तरीही तापीच्या खोऱ्यात बेडूक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कसे, हे समजून घेतलं तर पाळण्याची अर्धी विद्या हाती येते. पहिल्या मोठ्या पावसात ज्याचे नर पिवळेधमक होऊन ओरडतात, तो मोठा बुलफ्रॉग उन्हाळाभर जमिनीत गाडून घेतो. शेतातल्या बुटक्या, गोल अंगाच्या बेडकांच्या मागच्या पायांना खुरप्यासारखी कडा असते. मागे मागे सरकत ते मातीत उतरतात आणि पाऊस येईपर्यंत तिथेच थांबतात. न्हाणीपाशी दिसणारा खरखरीत अंगाचा भेक दिवसभर कुंडीखाली, दगडाखाली दडून राहतो आणि रात्रीच बाहेर पडतो. झाडबेडकाची युक्ती तर फारच सुंदर आहे. कातडीतून निघणारा स्निग्ध स्राव तो पायांनी अंगभर पुसून घेतो, त्यामुळे पाणी उडण्याचा वेग कमी होतो. प्रत्येकाचा उपाय निराळा, पण उन्हापासून दूर जायला प्रत्येकाकडे वाट आहे. काचेच्या पेटीत नेमकी ती वाट बंद होते.

दुकानात मिळणारा शिंगाळा बेडूक घ्या. गुबगुबीत, रुंद तोंडाचा, डोळ्यांवर छोट्या शिंगांसारखे उंचवटे असलेला. हा दक्षिण अमेरिकेतला. त्याची एक जात तिथल्या चाको नावाच्या प्रदेशात राहते, आणि तिथेही उन्हाळा कडकच असतो. पण तिथे तो जमिनीत उतरतो आणि कोरड्या दिवसांत स्वतःच्या टाकलेल्या कातडीच्या थरांचं वेष्टण अंगाभोवती करून पडून राहतो. पेटीतल्या चार बोटं मातीत त्याला ते जमत नाही. त्याला साधारण २४ ते २८ अंश तापमान मानवतं. ३० च्या वर बराच काळ राहिलं तर तो खाणं सोडतो, सुस्तावतो आणि पुढे दगावतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मे महिन्यातल्या दुपारी, भारनियमन असतानाही, घरातला एखादा कोपरा ३० अंशांच्या आत राहत नसेल, तर शिंगाळा बेडूक घरी आणू नये. पत्र्याच्या घरात किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या खोलीत तर नकोच. आधी एक उन्हाळा त्या कोपऱ्यात नुसतं थर्मामीटर ठेवून पाहा. जुन्या मातीच्या, जाड भिंतींच्या घरांना इथे मोठा फायदा आहे.

जागा योग्य असेल तर बाकीची सोय आपल्याकडच्याच वस्तूंनी होते. आपली हवा कोरडी असल्याने बाष्पीभवनाने गारवा छान होतो. पेटीच्या बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं, तळाशी पाच-सहा बोटं ओलसर कोकोपीट घातलं आणि फुटक्या माठाचं खापर त्यात अर्धवट पुरून दडायला जागा केली, की आतलं तापमान काही अंशांनी उतरतं. मात्र वर जाळी हवी. झाकण घट्ट लावलं की ओल कोंडते आणि बुरशी धरते. कूलरचा झोत थेट पेटीवर सोडू नका, कारण चालत्या हवेत कातडी लवकर सुकते. बर्फ टाकण्याचा मोह तर पूर्ण टाळा. एकदम तापमान पाडणं त्याला उन्हाइतकंच बाधतं.

आता पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्याला जाणवतही नाही, पण जो प्राणी कातडीने पाणी पितो त्याला ते सोसत नाही. उघड्या बादलीत पाणी एक दिवस ठेवलं की बरंचसं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर मासे पाळणारे वापरतात ते अँटिक्लोरीनचे थेंब चालतात. बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नये. पण म्हणून नुसतं आरओचं पाणीही बरं नाही, त्यात क्षारच नसतात आणि बेडकाच्या अंगातले क्षार पाण्यात उतरत राहतात. साठवलेलं पावसाचं स्वच्छ पाणी आणि थोडं मुरलेलं नळाचं पाणी असं मिश्रण चांगलं. पाण्याचं भांडं उथळ असावं, बेडूक बसला की पाणी त्याच्या हनुवटीच्या खाली राहील इतकं. आणि ते रोज बदलायचं. तो त्याच पाण्यात घाण करतो आणि तेच पाणी पोटाने ओढून घेतो, त्यामुळे एक दिवसाचा आळसही महागात पडतो.

हाच नियम आपल्या हातांना लागू. बेडकाला कुरवाळून घ्यायला आवडत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं. उचलणं भागच असेल तर हात साबण पूर्ण जाईपर्यंत धुऊन, ओले ठेवून उचलावा. तंबाखू-चुना मळलेल्या बोटांनी तर अजिबात शिवू नये. निकोटिन त्या ओल्या कातडीतून सरळ आत जातं आणि चुना ती भाजतो. फिनाइलने पुसलेली फरशी, डासांची अगरबत्ती, झुरळांचा फवारा, हे सगळं पेटीच्या खोलीत वर्ज्य. शिवून झाल्यावर पुन्हा हात धुवायचे ते आपल्यासाठी, कारण बेडकाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. भेकाच्या डोळ्यांमागे ज्या फुगीर ग्रंथी असतात, त्यांतून विषारी पांढरट स्राव येतो. जखम नसलेल्या आपल्या कातडीला तो बाधत नाही, पण तोच हात डोळ्याला लागला तर चांगलीच आग होते, आणि कुत्र्याने भेक तोंडात धरला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

खाण्यात एकच मोठी अडचण. बेडकाला हलणारं तेवढंच अन्न वाटतं, मेलेला किडा समोर असला तरी तो त्याच्या लेखी नसतो. गिळतानाचं दृश्य पाहण्यासारखं आहे. तो डोळे मिटतो आणि डोळ्यांचे गोळे आत खेचून टाळूवर दाबतो, त्या दाबाने घास घशात सरकतो. खान्देशात गांडुळांची चांगली सोय आहे, केळीवाल्यांकडे गांडूळखताचे वाफे असतात. पण कपाशी-केळीच्या शेतातले किंवा रात्री दिव्याखाली पडलेले किडे देऊ नका. त्यांच्यावर कोणतं औषध मारलं गेलंय ते आपल्याला कळत नाही, आणि विष किड्यातून बेडकात जातं. रातकिडे आणि झुरळं घरी वाढवलेलीच बरी. त्यांच्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा कॅल्शियम आणि ड-३ जीवनसत्त्वाची पूड लावून द्यावी. नाहीतर हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. घास दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. मोठ्या शिंगाळ्याला आठवड्यातून दोनदा खाणं पुष्कळ झालं, तो मागतो म्हणून देत राहिलं तर नुसता लठ्ठ होतो.

बेडकांवरच्या सगळ्यात भयंकर रोगाचं, म्हणजे कायट्रिड नावाच्या बुरशीच्या लागणीचं, मूळही कातडीतच आहे, आणि तो जगभर पसरायला माणसाने केलेली बेडकांची ने-आण मोठ्या प्रमाणात कारण ठरली. १९३०च्या दशकात लॅन्सलॉट हॉगबेन या शास्त्रज्ञाच्या निरीक्षणातून गरोदरपणाची एक चाचणी तयार झाली. स्त्रीच्या लघवीचं इंजेक्शन आफ्रिकेतल्या नखाळ बेडकाच्या मादीला द्यायचं, काही तासांत तिने अंडी घातली तर स्त्री गरोदर. चाचणी उत्तम होती, त्यामुळे हे बेडूक हजारोंनी देशोदेशी गेले. कायट्रिड बुरशी अंगात बाळगूनही ते आजारी पडत नाहीत. इतर बेडकांची मात्र कातडी या बुरशीने जाड होते, सोडियम-पोटॅशियमची देवाणघेवाण बिघडते आणि शेवटी हृदय थांबतं. २०१८च्या जनुकीय अभ्यासाने या बुरशीचं मूळ पूर्व आशियात दाखवलं. २०१९च्या एका मोजदादीनुसार निदान ५०१ उभयचर जातींची घट तिच्यामुळे झाली, त्यांतल्या ९० बहुधा नामशेष आहेत. १७ ते २५ अंशांत ती जोमाने वाढते, म्हणजे आपला मे नसला तरी आपला हिवाळा तिला मानवणारा आहे. पेटीतलं पाणी, माती, मेलेला बेडूक, काहीही नाल्यात किंवा विहिरीत टाकायचं नाही. पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून थोडा वेळ ठेवावं आणि मगच गटारात सोडावं. मातीला कडक ऊन द्यावं.

कंटाळा आला म्हणून बेडूक वाघूरच्या किंवा पांझरेच्या काठी सोडून देणं, हे तर कधीच करू नये. आपलाच बुलफ्रॉग माणसांबरोबर अंदमानात पोचला आणि तिथे त्याची डिंभकं, म्हणजे पाण्यातली शेपटीवाली पिल्लं, स्थानिक बेडकांची डिंभकं खाऊन टाकतात. इथे जो शेतकऱ्याचा सोबती, तो तिथे उपद्रव झाला.

इथलेच बेडूक धरून पेटीत ठेवावेत का? नाही. बुलफ्रॉगचं नाव १९८५पासून साइटीस या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहे, आणि बेडकांच्या पायांची निर्यात भारताने १९८७मध्ये बंद केली, ती भातशेतीतले बेडूक बेसुमार मारले जात होते म्हणून. विदेशी जातींतही साइटीसच्या यादीतल्या, उदाहरणार्थ रंगीत विषारी डार्ट बेडूक, पाळायच्या तर २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदाराकडून पक्की पावती घ्यावी आणि बेडूक पाळीव जोडीपासून जन्मलेला आहे ना, ते विचारावं.

पाऊस लांबला की काही गावांत धोंडी काढतात आणि मुसळाला बेडूक बांधून घरोघर फिरवतात. त्यामागची आस खरी आहे, पण उन्हात बांधलेल्या त्या जिवाचं पाणी भराभर उडत असतं. मातीचा बेडूक करून बांधला तरी मागणं तेच राहतं.

इथल्या बेडकांसाठी मला सगळ्यात आवडणारी सोय अंगणातली आहे. परसात हात-दीड हात रुंद, वीतभर खोल खड्डा घ्या, एका बाजूने उतार ठेवा, जाड प्लास्टिक अंथरून त्यावर माती आणि दगड घाला. मासे सोडू नका, गप्पीसुद्धा नको, ते बारकी डिंभकं खातात. डासांच्या अळ्यांवर मात्र लक्ष ठेवा आणि जाळीने त्या काढत राहा. जूनच्या पावसात बेडूक आपणहून येतात. डिंभकांना खायला शेवाळ पुरतं, कमी पडलं तर उकडलेल्या पालकाचं पान. शेपटी आटू लागली की डिंभक खाणं थांबवतं, तेव्हा आतडं आखूड होऊन मांसाहाराला तयार होत असतं. नेमक्या याच दिवसांत त्याला पाण्याबाहेर यायला उतार लागतो, नाहीतर ते बुडून मरतं. सरळ कड्यांच्या हौदात आणि शेततळ्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवर असंच होतं. तिथे एक ओबडधोबड फळी किंवा दोरखंडाची जाळी पाण्यात उतरती सोडली, की पिल्लं तिला धरून वर येतात.