कापसाभोवती बांधलेली गाठ

‘ट्यूमर म्हणून पोट उघडलं, निघाला कापडाचा बोळा.’ अशी बातमी आली की सगळे विचारतात, डॉक्टरांना गाठ आणि कापड यातला फरक कळू नये? पण ती खरोखरच गाठ असते. कापड माणसाच्या हातून राहतं, त्याभोवती गाठ शरीर बांधतं.

रक्त टिपायच्या सुती घडीला ऑपरेशन थिएटरात मॉप म्हणतात. रक्ताने भिजली की ती आतड्यांच्या वेटोळ्यांत ओळखू येत नाही. आत राहिलीच, तर मॅक्रोफेज या भक्षक पेशी तिच्यावर तुटून पडतात. पण कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि तो फोडणारं विकर माणसाकडे नाही. मॅक्रोफेजचा व्यास साधारण २० मायक्रोमीटर. कापसाचा तंतू २-३ सेंटीमीटर लांब, म्हणजे हजारपटीहून मोठा. गिळणार कसा? मग इंटरल्युकिन-४ सारख्या रासायनिक निरोपांवरून अनेक मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून एकच महाकाय पेशी होते, तिच्यात कधी डझनावारी केंद्रकं. तरी तंतू हटत नाही. शेवटी फायब्रोब्लास्ट या पेशी कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे थर चढवतात आणि जाड कवच तयार होतं.

कापडासोबत जंतू असतील तर पू होतो, ताप येतो, लवकर उलगडा होतो. जंतू नसतील तर ही गाठ वर्षानुवर्षं मुकाट बसते. किरणोत्सारी ग्लुकोज टोचून कर्करोग शोधणाऱ्या पेट स्कॅनवरही ती चमकते, कारण कर्करोगाच्या पेशींसारखेच मॅक्रोफेजही भरपूर ग्लुकोज ओढतात.

मॉपमध्ये बेरियम सल्फेटचा धागा असतो. एक्स-रेत तो दिसतो, पण चुरगळला तर कॅल्शियमचा साठा वाटू शकतो. मॉप मोजतातही. तरी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पोटात वस्तू राहूनही मोजणी झालेल्या प्रकरणांपैकी ८८ टक्क्यांत ती मोजणी ‘बरोबर’ भरली होती. तातडीच्या शस्त्रक्रियेत वस्तू आत राहण्याचा धोका सुमारे नऊपट होता.

अशा गाठीला कुणी करणी म्हणतं, कुणी गाठ विरघळवणारा काढा विकतं. काढ्याने सेल्युलोज विरघळत नाही, आणि यात दवडलेले महिने रुग्णाला महागात पडतात.

हिचं वैद्यकीय नाव गॉसिपिबोमा. विदर्भातल्या कपाशीचं शास्त्रीय नाव गॉसिपियम, त्यावरूनच ते आलं. काढलेल्या गाठीच्या पातळ कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ध्रुवित प्रकाश सोडला, की काळोख्या पार्श्वभूमीवर महाकाय पेशींच्या वेढ्यातले कापसाचे तंतू लख्ख उजळतात.